राज्यघटना, सरकार आणि नागरिकत्व: पुण्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका, बाणेर-हडपसरच्या सोसायट्या आणि मुलं परदेशी असलेले कोथरूडचे आई-वडील, या तीन ठिकाणांहून मला सर्वांत जास्त प्रश्न येतात. परीक्षेपुरते प्रश्न इथे घेतलेले नाहीत. घटनेत परिशिष्टं किती, हे कुठल्याही गाइडमध्ये सापडतं. ज्यावर कोणाचं तरी काम अडलेलं असतं किंवा घरात वाद रंगलेला असतो, ते घेतले आहेत. बहुतेक गोंधळ दोनच जागी होतो: हातातला कागद म्हणजेच हक्क असं धरून चालणं, आणि चुकीच्या सरकारचं दार ठोठावणं. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. विषय दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राज्यघटना म्हणजे देशातला सर्वांत मोठा कायदा, एवढंच ना?

एवढंच म्हटलं तर उत्तर अर्धं राहतं. साधा कायदा तुम्हा-आम्हाला बांधतो. घटना कायदा करणाऱ्यांना बांधते. संसद, विधानसभा, पुणे महानगरपालिका या सगळ्यांची हद्द तिच्या चौकटीत आखलेली असते. कलम १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता रद्दबातल ठरतो.

घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली, हे शाळेपासून पाठ असतं. पण कलम ३९४ मुळे काही कलमं नोव्हेंबरातच, त्याच दिवशी लागू झाली. त्यांत नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमं होती आणि निवडणूक आयोगाचं ३२४ होतं. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत नागरिक कोण, हे आधी ठरवणं भागच होतं.

२. लोकशाही आणि प्रजासत्ताक यांत फरक काय?

लोकशाहीत राज्यकर्ते लोक निवडतात. प्रजासत्ताकात राष्ट्रप्रमुखसुद्धा वारशाने येत नाही. ब्रिटन लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही. आपण दोन्ही आहोत.

३. संसदेत दणदणीत बहुमत असेल तर घटनेत काहीही बदलता येतं का?

नाही. कलम ३६८ नुसार दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. केंद्र-राज्य अधिकारांसारख्या विषयांत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. या मार्गाने २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. मालमत्तेचा हक्क एकेकाळी मूलभूत होता, तो १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्या यादीतून निघाला आणि आता कलम ३००-अ मध्ये साध्या घटनात्मक हक्काच्या रूपात आहे.

पण २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला की संसदेला दुरुस्ती करता येते, घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. एका मताचा फरक! त्या चौकटीची पक्की यादी निकालात नाही. एकेका खटल्यातून ती स्पष्ट होत गेली. यादी नाही म्हणून अनेक जण नाक मुरडतात. मला वाटतं, यादी असती तर तिच्यातून पळवाट काढणं जास्त सोपं गेलं असतं.

४. महाराष्ट्राचं वेगळं नागरिकत्व नसतं, मग डोमिसाईल कशाला मागतात?

भारतात एकेरी नागरिकत्व आहे. तुम्ही भारताचे नागरिक. महाराष्ट्राचे तुम्ही रहिवासी. तहसील कचेरीतून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून जो दाखला मिळतो त्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' असं आहे, आणि त्यातल्या मधल्या शब्दामुळे हा कागद नागरिकत्व देतो असं लोकांना वाटतं. तो काही देत नाही. सादर केलेल्या पुराव्यांवरून तहसीलदाराने केलेली ती नोंद आहे, मुख्यतः प्रवेश आणि नोकरीच्या कामासाठी.

राहण्याच्या ठिकाणावरून भेद करता येतो का, याचं उत्तर विषयागणिक बदलतं. कलम १५ जन्मस्थानावरून भेद करू देत नाही, पण वास्तव्याचा उल्लेख त्यात नाही. म्हणून कॉलेजप्रवेशात राज्याचा कोटा टिकतो. सरकारी नोकरीत मात्र कलम १६ वास्तव्यावरूनही भेद करू देत नाही आणि तशी अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला देतं. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातलं वास्तव्यावर आधारित आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसनंतरच्या मुलांचे पालक हे लक्षात न घेता जुन्या माहितीवर बेत आखतात.

५. आधार, पॅन, मतदार कार्ड, पासपोर्ट: यांपैकी नागरिकत्वाचा पुरावा कोणता?

आधार नक्कीच नाही. २०१६ च्या आधार कायद्याचं कलम ९ सरळ सांगतं की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी किंवा आखाती विद्यार्थ्याकडे ते असेल तर त्यात गैर काही नाही. पॅनचंही तसंच, तो कराचा क्रमांक आहे.

मतदार यादीत फक्त नागरिकाचं नाव येऊ शकतं, पण नाव आलं म्हणून नागरिकत्व कायमचं सिद्ध झालं असं नाही. वाद झाला तर मूळ पुरावा पाहिला जातो. व्यवहारात पासपोर्टचं वजन सर्वांत जास्त. मात्र १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम २० मध्ये, सार्वजनिक हितासाठी नागरिक नसलेल्यालाही पासपोर्ट देण्याची मुभा सरकारला आहे. अपवाद विरळ, पण आहे.

खरी गोष्ट अशी की जन्माने नागरिक असलेल्या माणसाला 'नागरिकत्व प्रमाणपत्र' म्हणून कुठलाही कागद आपोआप मिळत नाही. तो मिळतो नोंदणीने किंवा देशीयकरणाने (प्रश्न ९) नागरिक झालेल्यांना. बाकीच्यांचं नागरिकत्व जन्माचा दाखला आणि पुढच्या उत्तरातल्या तारखा मिळून ठरतं.

६. भारतात जन्म झाला म्हणजे नागरिक झालोच ना?

जन्म कधीचा, यावर आहे. ससूनच्या प्रसूती कक्षात तीन वेगवेगळ्या काळांत जन्मलेली तीन बाळं घ्या.

पहिलं १९८५ मधलं. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्म एवढंच पुरेसं होतं. आई-वडील कुठल्या देशाचे, हे पाहिलं जात नव्हतं. दुसरं १९९५ मधलं. १ जुलै १९८७ नंतर आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी भारतीय नागरिक असावा लागतो. तिसरं २०१० मधलं. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. रुग्णालय तेच, खाट कदाचित तीच, जन्माच्या दाखल्याचा नमुनाही जवळपास तोच, पण दाखल्यामागचा प्रश्न तिन्ही वेळा वेगळा. परदेशी राजदूतांच्या मुलांना आधीपासूनच हा नियम लागू नाही.

म्हणूनच २००४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी आई-वडिलांचे कागद जपून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

७. मुलगा अमेरिकेचा सिटिझन झाला. भारतीय पासपोर्ट अजून दोन वर्षं चालतोय, तो वापरला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याच क्षणी भारताचं संपतं. घटनेचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही कलम ९ हेच सांगतं. त्यासाठी अर्ज, आदेश काही लागत नाही. पासपोर्टवर छापलेली मुदत हा त्या पुस्तिकेचा प्रश्न आहे. तो पासपोर्ट परत करायचा असतो. पुढे वापरला तर दंड आणि गुन्हा दोन्ही संभवतात.

ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व, ही समजूत कोथरूड-औंधमध्ये इतकी घट्ट आहे की ती मोडताना मला वाईटपणा घ्यावा लागतो. ते आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती देतं. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी नाही. फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस, मळा विकत घेता येत नाही. मुळशीत मुलाच्या नावावर जमीन घ्यायचा बेत असेल तर इथेच थांबा. वारसाहक्काने आलेल्या जमिनीचं वेगळं आहे. ती मिळू शकते.

८. आणि नातीचं काय? ती तिकडे जन्मली, पण आई-वडिलांचे पासपोर्ट भारतीयच आहेत.

३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांना लिहून द्यावं लागतं. मुदत टळली तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

मुलीला जन्मामुळे तिथलं नागरिकत्वही आपोआप मिळालं असेल तर अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत तिने ते सोडायला हवं, नाहीतर भारताचं जातं. हा नियम आजी-आजोबांना माहीत असतो, ज्या मुलीला तो लागू आहे तिला कोणी सांगितलेलाच नसतो.

९. भारतीयाशी लग्न केलं की नागरिकत्व मिळतं का?

आपोआप नाही. सात वर्षं भारतात राहून मग नोंदणीचा अर्ज करता येतो. लग्नाचा आधार नसेल तर देशीयकरणाचा मार्ग आहे: अर्जाआधीचे सलग बारा महिने, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांतली एकूण अकरा वर्षं इथे वास्तव्य. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांसाठी अकराऐवजी पाच वर्षं केली. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. पिंपरीतल्या सिंधी कुटुंबांकडून याबद्दल विचारणा येते. धर्माच्या निकषावरून या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे.

१०. परदेशी माणसाला आपल्या घटनेचे हक्क मिळतात का?

काही मिळतात. कायद्यापुढे समानता (कलम १४), जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य (२१), अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केलं जाणं (२२), धर्मस्वातंत्र्य (२५) हे 'कोणत्याही व्यक्ती'ला आहेत. भाषण, सभा, संघटना, देशात कुठेही राहणं (१९), सरकारी नोकरीत समान संधी (१६) हे फक्त नागरिकाला. माहिती अधिकाराचा अर्जही नागरिकच करू शकतो.

११. घर लातूरला, मी नवी पेठेत खोली घेऊन अभ्यास करतो. मतदान कुठे करू?

जिथे तुम्ही सामान्यतः राहता तिथे. खरोखर राहत असाल तर पुण्यात नाव नोंदवता येतं, पण दोन ठिकाणी ठेवता येत नाही. पहिल्यांदाच नोंदणी असेल तर नमुना ६, गावचं नाव इकडे आणायचं असेल तर नमुना ८. खोटी माहिती लिहून देणं हा तुरुंगवासापर्यंत जाणारा गुन्हा आहे.

मतदानाचं वय ६१ व्या दुरुस्तीने एकवीसवरून अठरा झालं. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांच्या एक तारखा अशा चार अर्हता दिनांकांपैकी ज्या दिवशी अठरा पूर्ण असतील त्यावरून नोंदणी होते.

खरी अडचण घरमालकाची. "माझ्या पत्त्यावर मतदान कार्ड काढायचं नाही" असं पेठांमध्ये सर्रास बजावलं जातं, भाडेकरू मग हलणार नाही या भीतीने. मतदार यादीतल्या नावाने घरावर कसलाही हक्क निर्माण होत नाही आणि नोंदणीला मालकाची संमती लागत नाही. नोंदणीकृत भाडेकरार असेल तर उत्तम. कॉट बेसिसवर राहत असाल आणि कुठलाच कागद नसेल तर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी जागेवर येऊन खात्री करू शकतो. तो येईल त्या दिवशी खोलीत मात्र हजर राहा. अभ्यासिकेत असताना तो आला आणि "इथे असं कोणी राहत नाही" हे उत्तर शेजारून मिळालं की अर्ज फेटाळला जातो. अशा तक्रारी माझ्याकडे दर निवडणुकीआधी येतात.

१२. आमचा मतदारसंघ राखीव आहे. आम्ही त्या प्रवर्गातले नाही, तरी मत देता येतं?

अर्थात. राखीव असते ती उमेदवारी. मतदार सगळे. पुणे कॅन्टोन्मेंट आणि पिंपरी हे विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत आणि तिथे यादीतला प्रत्येक जण मत देतो. कलम ३२५ प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी ठरवून देतं.

या रचनेचं मूळ याच शहरात आहे. १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्य वर्गासाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले, गांधीजींनी येरवडा तुरुंगात त्याविरुद्ध उपोषण सुरू केलं आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. डॉ. आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले, बदल्यात संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा बऱ्याच वाढल्या. सर्वांच्या मतांनी निवडून आलेला राखीव जागेवरचा प्रतिनिधी नेमका कोणाचा, हा तेव्हाचा वाद अजून जिवंत आहे आणि तो गैरलागू झाला आहे असं मला वाटत नाही.

१३. मतदार यादीत नाव आहे, मग पदवीधर मतदारसंघाला मला मत का देता आलं नाही?

ती यादीच वेगळी असते. विधान परिषदेच्या सदस्यांपैकी बाराव्या हिश्शाइतके पदवीधर निवडतात. पुणे विभागाच्या या मतदारसंघात पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर येतात. पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत, नमुना १८ भरावा लागतो, आणि प्रत्येक निवडणुकीआधी यादी नव्याने तयार होते. गेल्या वेळी मत दिलं होतं, म्हणून यंदा नाव असेलच असं नाही.

१४. तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येतं का? आणि निवडणूक लढवता?

येरवड्यात शिक्षा भोगणारा असो किंवा फक्त खटला चालू असलेला कच्चा कैदी, दोघांनाही मत देता येत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेला मात्र टपालाने मत देऊ शकतो, आणि जामिनावर बाहेर असलेला केंद्रावर जाऊन. आता उलटी गंमत: कच्चा कैदी निवडणूक लढवू शकतो. ज्याला मत देता येत नाही त्याला लढताही येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं होतं. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून तो निकाल निष्प्रभ केला. या दुरुस्तीवर सर्वपक्षीय एकमत किती चटकन झालं, ते पाहण्यासारखं होतं.

१५. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर?

लोकसभा-विधानसभेत काहीच होत नाही. उमेदवारांपैकी सर्वाधिक मतं मिळवणारा निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पुढे असेल तर फेरनिवडणूक घ्यायची.

१६. खड्डा, पाणी, पोलीस, मेट्रो: नगरसेवक, आमदार, खासदार यांपैकी कोणाला गाठायचं?

घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र, राज्य आणि समवर्ती (दोघांच्याही अखत्यारीतली) अशा तीन सूच्या आहेत. महापालिकेची कामं राज्याच्या कायद्याने तिच्याकडे येतात. पुण्यापुरतं सांगायचं तर असं:

गल्लीतला रस्ता, कचरा, ड्रेनेज, पथदिवे महापालिकेचे. पण नवले पुलाचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथे नगरसेवकाला धारेवर धरून उपयोग नाही. खडकवासल्याचं धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचं. तिथून किती पाणी उचलायचं यावर तो विभाग बोलतो, तुमच्या नळाला किती वाजता येतं यावर महापालिका. पोलीस हा राज्याचा विषय, म्हणून महापौर पोलीस आयुक्तांना आदेश देऊ शकत नाहीत. मेट्रोची कंपनी केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची. पीएमपी बस पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची.

आणखी एक गोष्ट शाळेत कोणी नीट सांगत नाही. महापालिकेचे कार्यकारी अधिकार महापौरांकडे नसून आयुक्तांकडे असतात, आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमतं. नगरसेवक अंदाजपत्रक मंजूर करतात, धोरण ठरवतात, प्रश्न विचारतात. तेव्हा खड्ड्याची लेखी तक्रार क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि तिची प्रत नगरसेवकाला. नुसती नगरसेवकाला केलेली तक्रार कुठल्याच नोंदवहीत चढत नाही.

१७. मी कॅम्पात राहतो. महापालिकेच्या निवडणुकीत माझं नाव का नसतं?

कारण छावणी क्षेत्र महापालिकेच्या हद्दीत नाही. पुणे, खडकी आणि देहूरोड इथे २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखाली वेगळी मंडळं आहेत, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. मंडळाचे अध्यक्ष लष्करी अधिकारी असतात. विधानसभा आणि लोकसभेला तुम्ही इतरांसारखंच मत देता. 'पुणे कॅन्टोन्मेंट' या मतदारसंघाच्या नावाने घोटाळा होतो. त्यात महापालिकेचाही भाग येतो. छावण्यांचे नागरी भाग लगतच्या महापालिकांत घेण्याचा प्रस्ताव आहे.

१८. आमचं गाव महापालिकेत आलं. ग्रामसभा गेली, आता बोलायचं कुठे?

२०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. ग्रामसभेत प्रत्येक मतदार स्वतः उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. शहरात तशी जागा नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. प्रभाग समितीत नगरसेवक बसतात. क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे, पण ती भरलेली कोणी पाहिलेली नाही. एक खिडकी उघडी आहे: २००६ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोटी कामं सुचवून घेते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतात. पदपथ, बाक, बसथांबा अशा कामांना त्यातून पैसे मिळू शकतात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी महापालिकेतून बाहेर पडून नगरपरिषद मिळवली, तोही एक मार्ग आहे. सगळ्यांना तो परवडेल असं नाही.

१९. महापालिकेत वर्षानुवर्षं प्रशासक ठेवणं घटनेत बसतं का?

बसत नाही, तरी घडलं. कलम २४३-यू प्रमाणे महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. पुण्यात मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार केला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात होते. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. कलम मोडल्याबद्दल कोणाला शिक्षा होते का, असं लोक विचारतात. तशी तरतूद घटनेत नाही.

२०. निवडून न आलेला माणूस मुख्यमंत्री कसा होतो?

कलम १६४ सहा महिन्यांची मुभा देतं. तेवढ्यात विधानसभा किंवा विधान परिषदेवर यावं लागतं. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री झाले आणि मे २०२० मध्ये विधान परिषदेवर गेले. सहा महिने संपल्यावर राजीनामा देऊन पुन्हा शपथ घ्यायची, ही युक्ती सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बंद केली.

२१. राष्ट्रगीताला उभं न राहणं, मूलभूत कर्तव्य न पाळणं, याला शिक्षा आहे का?

कलम ५१-अ मधल्या अकरा कर्तव्यांना स्वतःची शिक्षा नाही. त्यांपैकी एखाद्यावर वेगळा कायदा असेल तर त्या कायद्याने कारवाई होते. राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणं गुन्हा आहे. आदराने उभं राहून न गाणं गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितलं.

२२. सोसायटी अविवाहितांना किंवा विशिष्ट धर्माच्या लोकांना घर भाड्याने देऊ देत नाही. हा मूलभूत हक्काचा भंग ना?

हा पुण्याचा राष्ट्रीय प्रश्न आहे, आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही. मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध असतात. महापालिका शासनात मोडते, गृहनिर्माण सोसायटी सहसा मोडत नाही. एका पारशी सोसायटीचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा उपविधी (सोसायटीचा नोंदणीकृत नियम) सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला.

तरी सोसायटीला रान मोकळं नाही. अस्पृश्यता कोणीही पाळली तरी गुन्हा आहे. कलम १७ खासगी माणसालाही लागू पडतं आणि जातीवरून घर नाकारलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. बाकी बाबतींत पाहायचं ते सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी. कमिटीने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला 'नियम' म्हणजे उपविधी नव्हे. उपविधीत नसलेली अट लादली जात असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा. तक्रार घरमालकाने, म्हणजे सभासदाने केलेली बरी. भाडेकरूची कोणी मनावर घेत नाही.

२३. मूलभूत हक्क मोडला तर पुण्यातून कुठल्या कोर्टात जायचं?

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाला रिट, म्हणजे मूलभूत हक्क बजावून देणारा आदेश, काढण्याचा अधिकार नाही. तो उच्च न्यायालयाला (कलम २२६) आणि सर्वोच्च न्यायालयाला (कलम ३२) आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण त्यात सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येतात. पुणेकरांना मुंबईच गाठावी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

२४. केंद्र सरकारच्या कार्यालयाने "मराठीत अर्ज चालणार नाही" म्हणून परत पाठवला. बरोबर आहे का?

चूक आहे. कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं, आणि हा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे (प्रश्न १० मधला फरक आठवा). माहिती अधिकाराचा अर्जही इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. छापील फॉर्म ठरावीक भाषेतच भरायचा असेल ती बाब निराळी. हे कलम निवेदनासाठी, तक्रारीसाठी आहे.

खिडकीवर वाद घालू नका. अर्जाच्या माथ्यावर 'भारतीय संविधानाच्या कलम ३५० अन्वये' असं लिहा, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.